फर्मास

मराठीने फार्सीतून जे शब्द घेतले, त्यांतील काहींना तिने असे वळण लावले आहे, की ते मूळ घरी परत गेले तर तेथे त्यांना कोणी ओळखणार नाही. ‘फर्मास’ हा असाच एक शब्द. मूळ धातूचा अर्थ आज्ञा करणे. बादशहाचे फर्मान याच कुळातले आणि रसिकाची फर्माईशही याच कुळातली. जी वस्तू कोणी मापे देऊन, रंग सांगून, ‘अशीच हवी’ असा आग्रह धरून करवून घेतली, ती जुन्या मराठीत फर्माशी. हा अर्थ कोशांत अजून जिवंत आहे. बोलण्यातून मात्र तो ओसरला आणि मागे उरला तो ‘उत्तम’ एवढाच भाव. फर्मास बेत, फर्मास चहा, फर्मास बैठक.

शब्दाचा हा प्रवास मला विचार करण्याजोगा वाटतो. सांगून करवून घेतलेली वस्तू चांगलीच असणार, हे भाषेने गृहीत धरले. वस्तूचा चांगुलपणा केवळ कारागिराच्या हातात नाही. मागणाऱ्याने नेमके मागावे आणि करणाऱ्याने ते नीट ऐकून घ्यावे, या दोहोंच्या मधल्या जागेत तो असतो, असे काहीसे तिला म्हणायचे असावे. ‘ऐकणे’ या क्रियापदालाही आपल्याकडे दोन पदर आहेत. आपण गाणे ऐकतो आणि वडीलधाऱ्यांचेही ऐकतो. ‘हा माझे ऐकत नाही’ असे आई म्हणते, तेव्हा मुलाच्या कानांविषयी तिची तक्रार नसते. सोनाराच्या पेढीवर, चांभाराच्या दुकानात आणि गवयाच्या बैठकीत एकच ‘फर्माईश’ हा शब्द चालावा, यात म्हणूनच काही नवल नाही. तिन्ही ठिकाणी एक मागतो आणि दुसरा ऐकतो.

माझ्या पिढीने ही फर्माईश प्रथम ऐकली ती नभोवाणीवर. तिच्यामागे एक लहानसा राजकीय इतिहास आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि पुढे सुमारे दहा वर्षे ते खाते त्यांच्याकडे होते. अभिजात संगीताविषयी त्यांना मनापासून आस्था होती आणि चित्रपटगीतांविषयी तितकीच मनापासून अप्रीती. त्यांच्या काळात हिंदी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. देशाच्या कानावर चांगले संस्कार व्हावेत, हा हेतू. परंतु श्रोत्याच्या हातात रेडिओची खुंटी होती. ती त्याने फिरवली आणि काटा कोलंबोवर नेऊन ठेवला. रेडिओ सिलोनच्या हिंदी विभागाने १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत, फिती विमानाने कोलंबोला जात आणि बुधवारी रात्री तोच आवाज समुद्रावरून परत भारतातील घराघरांत येई. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आल्याचे सयानी पुढे आठवणीने सांगत. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि सरकारी दुकानात तो माल पुन्हा मिळू लागला.

दुकान हा शब्द मी येथे हेतुपुरस्सर वापरला आहे. त्या पाच वर्षांत घडले ते एका मोठ्या दुकानात घडावे तसेच होते. दुकानदार म्हणाला, ‘तुम्हाला जे हवे आहे ते चांगले नाही, हे घ्या.’ गिऱ्हाईक काही न बोलता शेजारच्या दुकानात गेले. केसकरांना हसणे आज सोपे झाले आहे, आणि बहुतेक लोक तेवढ्यावरच थांबतात. मला मात्र त्यांचा प्रश्न अजून सुटलेला वाटत नाही. त्याच्याकडे मी पुढे येईन.

‘मनचाहे गीत’, ‘आप की फर्माइश’, मुंबई केंद्रावरील आपली ‘आपली आवड’ या कार्यक्रमांत गाण्याआधी नावांची माळ वाचली जाई. गावाचे नाव, मग माणसांची नावे, मग गाणे. बिहारमधील, आता झारखंडमधील, अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया हे गाव देशाला ठाऊक झाले ते अभ्रकामुळे नव्हे, तर तेथून येणाऱ्या फर्माइशींमुळे. पुष्कळांनी त्याची थट्टा केली, असे गाव नसावेच अशी शंकाही काहींनी घेतली. प्रश्न असा, की ही माणसे पत्रे का लिहीत होती? गाणे तर लोकप्रियच होते, ते कोणी न मागताही लागलेच असते. पोस्टकार्डाचे पैसे खर्चून, आठवडेच्या आठवडे वाट पाहून त्यांना हवे होते ते गाणे नव्हे. आपण मागितले आणि कोणीतरी ते ऐकले, याची पोच त्यांना हवी होती. खाणीत दिवसभर दगड फोडणाऱ्या किंवा तालुक्याच्या कचेरीत जावक बारनिशी लिहिणाऱ्या माणसाचे नाव एरव्ही मोठ्याने उच्चारले जाण्याचे प्रसंग किती? लग्नाच्या पत्रिकेत ते छापून येते आणि रोजच्या हजेरीत ओरडले जाते. येथे ते देशभर उच्चारले जात होते, तेही लतादीदींच्या नावाच्या अलीकडे.

नावाचे हे देणेघेणे एकतर्फी नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस ती आपले नाव इंग्रजीत सांगे. तबकड्या जर्मनीत दाबल्या जात आणि कोणती तबकडी कोणाची हे तेथील कारागिरांना कळावे, एवढाच त्यातला व्यवहार होता. पण पुढे चित्रपटगीत आले आणि गाणाऱ्याचे नाव पुसले गेले. १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचे नाव. ही कोण गाते, अशी विचारणा करणारी पत्रे नभोवाणी केंद्राकडे येऊ लागली, तेव्हा केंद्राने ध्वनिमुद्रिका कंपनीकडून माहिती घेऊन लता मंगेशकर हे नाव सांगितले, अशी हकिकत आहे. श्रोत्यांनी विचारले म्हणून गायिकेला नाव मिळाले. तक्रारवहीत अशी नोंद एखाद्या गिऱ्हाइकाने क्वचितच केली असेल.

माझे वडील रेल्वेत तिकीटघराच्या खिडकीमागे बसत. त्यांची बरीच नोकरी खंडवा, इटारसी या बाजूला गेली. किशोरकुमारांचे गाव म्हणून खंडव्याला जो अभिमान आहे, त्यातला थोडा वाटा त्यांनी बदलीवर आलेल्या माणसाच्या हक्काने आपल्याकडे ओढून घेतला होता. तिकीटघराची खिडकी त्या काळी अशी असे, की पलीकडच्याला वाकूनच बोलावे लागे. जाळीखालच्या अर्धवर्तुळातून एक हात, पैसे आणि आवाज एवढेच आत येई. माणूस दिसत नसे. वडील त्या आवाजाचे मागणे आधी स्वतः मोठ्याने म्हणत, ‘दोन बऱ्हाणपूर, एक अर्धे’, आणि पलीकडून होकार आल्यावरच पुठ्ठ्याचे तिकीट यंत्रात घालून त्यावर तारीख उमटवीत. मागणे उच्चारून दाखवल्याखेरीज पैशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या तोंडी ‘गिऱ्हाईक’ हा शब्द कधी आला नाही, ‘ग्राहक’ तर नाहीच. ते म्हणत, ‘उतारू’. जो उतरणार आहे तो. त्याला कोठे जायचे आहे हे नीट ऐकून घेणे, हे त्यांच्या मते अर्धे काम होते.

त्यांनी एकदा विविध भारतीला फर्माईश पाठवली आणि ती लागली. उद्घोषिकेने त्यांचे नाव ठीक घेतले, आडनावाचा मात्र असा काही उच्चार केला, की घरातल्यांनाही क्षणभर वाटले, दुसरेच कोणी असावे. ती गोष्ट ते पुढे कित्येक वर्षे हसत सांगत. त्या हसण्यात खंत नव्हती असे मात्र मी म्हणणार नाही. इतक्या लोकांचे मागणे अचूक परत उच्चारणाऱ्या माणसाचे स्वतःचे नाव एकदाच उच्चारले गेले आणि तेही चुकले.

त्या काळच्या हिंदी चित्रपटांत सेवा करणारी माणसे गाणी म्हणत. आज ते चित्रपट पुन्हा पाहताना हे विशेष जाणवते. १९५७ च्या ‘प्यासा’त सचिनदेव बर्मन यांच्या चालीवर आणि रफींच्या आवाजात जॉनी वॉकरचा तेलमालिशवाला बागेत गिऱ्हाइके शोधत फिरतो. साहिरच्या त्या गाण्यात जाहिरात आहे, पण तीत लाचारी नाही. हातात तेलाची बाटली घेतलेला माणूस राजा आणि रंक यांची डोकी एकाच मापाने मोजतो. त्याच वर्षीच्या ‘नया दौर’मध्ये टांगेवाल्यांची पोटे मोटारीमुळे मारली जाण्याची वेळ येते आणि टापांचा ठेका ओ. पी. नय्यर यांच्या संगीतात वाजत राहतो. १९५५ च्या ‘श्री ४२०’मध्ये ललिता पवारांची केळेवाली जो भाव सांगते त्याहून अधिक देऊ करून राज कपूर घासाघीस करतो. हा विनोद कळायला घासाघीस करण्याची सवय असलेलाच समाज हवा. टॅक्सीवाला, बूटपॉलिश करणारी पोरे, पोस्टमन, हमाल हे सारे आपल्या चित्रपटांत गात आले. ज्याच्याशी आपला व्यवहार दोन आण्यांचा आणि दोन मिनिटांचा, त्यालाही काही म्हणायचे आहे आणि ते सुरात म्हणायचे आहे, असे हे चित्रपट सांगत होते.

प्रत्यक्षात काय होते? ते दिवस मधुर होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. रॉकेलच्या रांगेत, शिधापत्रिकेच्या दुकानात, घरगुती गॅसच्या नोंदणीसाठी माणसे जो अपमान गिळीत, त्याला कोणतीच चाल लावता आली नसती. दूरध्वनीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ‘साहेब जागेवर नाहीत’, ‘उद्या या’, ‘सुटे पैसे आणा’ ही त्या युगाची ध्रुवपदे होती. रेडिओ बाळगायलाही परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत रांग लावून भरावे लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात संपली. मला तर वाटते, की जे खिडकीवर मिळत नव्हते ते आपण पडद्यावर पाहत होतो. चित्रपटातला टांगेवाला गात होता, कारण स्थानकाबाहेरचा टांगेवाला भाड्यावरून हुज्जत घालत होता. दोघेही खरे. पण कल्पनेने एखाद्या समाजाला सतत जे हवेसे वाटत राहते, तेही त्या समाजाविषयीचे एक सत्यच असते. आपल्याला खिडकीपलीकडे माणूस हवा होता.

तो माणूस मला एकदा ध्वनिफितींच्या दुकानात भेटला. कॅसेट आली आणि ऐंशीच्या दशकात गल्लोगल्ली अशी दुकाने निघाली, की जेथे आपण गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी ती भरून न्यायची. कायद्याच्या दृष्टीने हे सारे अवैध होते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याची आठवण कोणी काढत नसे, एवढेच. या व्यवहारात गायक, कवी, संगीतकार यांना काही मिळत नव्हते, हे विसरून त्याचे गोडवे गाणे बरोबर नाही. तरीही त्या दुकानांत एक अशी गोष्ट घडे, जी आधी कधी घडली नव्हती. चित्रपटगीत हा हजारांच्या संख्येने निघणारा तयार माल. येथे तो प्रथमच फर्माशी झाला.

वडिलांनी निवृत्तीच्या सुमारास अशी एक यादी केली. हिशेबाच्या कागदावर, रेल्वेतल्या सवयीने आकडे घालून, सोळा गाणी लिहिली. प्रत्येकापुढे चित्रपट आणि कंसात गायक. दुकानदार पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. त्याने यादी वाचली ती आपल्याला वाचून दाखवावी तशी, मोठ्याने. मग त्याने विचारले, ‘बाबूजी, रात्री ऐकणार की सकाळी?’ वडील चकित झाले. तिकीट देताना, उतारू रात्री जाणार की सकाळी, हे ते विचारीत. पण आपल्याला कोणी असे विचारील असे त्यांना वाटले नव्हते. ते म्हणाले, ‘रात्री.’ दुकानदाराने यादीतल्या दोन गाण्यांची जागा बदलली, एक द्रुत गाणे मागच्या बाजूच्या आरंभी नेले आणि सांगितले, ‘साठ मिनिटांची घ्या. नव्वदची फीत पातळ असते, गुंतते.’ एवढाच त्यांचा संवाद.

फर्माईश पुरी करणे हे एक कौशल्य, तशी ती नाकारणे हेही एक कौशल्य आहे. बैठकीत ते दिसते. कोणी तरी दुपारच्या मैफलीत मालकंस मागतो. गायक हसून तंबोऱ्याकडे पाहतो आणि भीमपलास सुरू करतो. मागणाऱ्याचा अपमान झालेला नसतो. त्याचे मागणे ऐकले गेलेले असते आणि त्याहून योग्य असे काही त्याला दिलेले असते. मराठी संगीत रंगभूमीने ‘वन्स मोअर’ची प्रथा पाळली, तिच्यापायी नाटके पहाटेपर्यंत लांबत. बालगंधर्वांसारखा नट तेच पद पुन्हा म्हणताना ते तसेच म्हणत नसे, नव्या जागा घेत असे. श्रोत्याची आज्ञा पाळतानाही आपले स्वातंत्र्य त्याने सोडलेले नसे.

केसकरांचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. मागेल ते द्यावे की योग्य ते द्यावे? मला वाटते, त्यांची चूक नकार देण्यात नव्हती. न ऐकता नकार देण्यात होती. बैठकीतला गवई नाकारतो तो समोरच्याच्या डोळ्यांत पाहून, आणि नाकारताना काही देतो. मंत्रालयाला डोळे नसतात. दुसऱ्या बाजूने, मागेल ते तत्काळ हातात ठेवणारा विक्रेताही ऐकतोच असे नाही. ‘ग्राहक राजा’ असे आपण म्हणू लागलो, त्यातही हा धोका आहे. राजाला फर्मान सोडायचे असते, फर्माईश करायची नसते. फर्मान सोडणाऱ्याला समोरच्याच्या ‘हो’ची वाट पाहावी लागत नाही. अनेक कचेऱ्यांत ग्राहकाच्या महतीचे एक वचन गांधीजींच्या नावाने चौकटीत लावलेले असते. अभ्यासकांना ते गांधीजींच्या लेखनात आढळलेले नाही. पण त्याच्या अस्सलपणापेक्षा मला त्याच्या जागेची गंमत वाटते. ते नेहमी खिडकीच्या अशा बाजूला असते, की आतल्याला ते दिसू नये.

ग्राहक चळवळीने मात्र या बाबतीत फार नेमके शब्द वापरले. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, मुंबईत पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. दोन्ही कायद्यांत ग्राहकाचे हक्क सांगितले आहेत. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा. आणि त्यांतच एक हक्क आहे म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा. कायद्याच्या रूक्ष भाषेत हे क्रियापद पाहून मला आनंद झाला होता. नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क वेगळा दिला आहे आणि ऐकून घेतले जाण्याचा वेगळा. ऐकले जाणे हे भरपाईचे साधन नाही, तो स्वतंत्र हक्क आहे, हे त्या कलमे लिहिणाऱ्यांना कळले होते.

वडील गेल्यावर त्यांच्या नावावरचा दूरध्वनी बंद करण्याचे काम माझ्याकडे आले. कंपनी कोणती याला महत्त्व नाही. तो अनुभव आता कोठेही येतो. क्रमांक फिरवला की एक ध्वनिमुद्रित बाई भाषा विचारते, मग विषय विचारते, मग थांबायला सांगते. थांबण्याच्या काळात संगीत लावलेले असते. त्या दिवशी पन्नासच्या दशकातील एका चित्रपटगीताची चाल बासरीवर वाजत होती. चाल अस्थाईच्या शेवटी येई आणि सम गाठायच्या आत तुटे. तो आवाज सांगे, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग चाल पुन्हा आरंभापासून. अंतऱ्यापर्यंत ती एकदाही पोहोचली नाही. वडिलांच्या यादीतले ते अकरावे गाणे होते.

शेवटी एक मुलगी बोलली. आवाजावरून पंचविशीची असावी. ज्यांच्या नावावर जोडणी आहे त्यांच्याशीच बोलावे लागेल, असे तिने ठरल्याप्रमाणे सांगितले. मी म्हणालो, ते शक्य नाही. कारणही सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता झाली. तिच्यासमोर पडद्यावर पुढचे वाक्य तयार असणार. ते तिने म्हटले नाही. तिने विचारले, ‘काका, नाव एकदा वाचून दाखवू का? बरोबर आहे का तेवढे पाहा.’ आणि तिने वडिलांचे संपूर्ण नाव वाचले. सावकाश, आडनावासकट, अगदी आम्ही घरी म्हणतो तसे. मग तिने कागदपत्रांची यादी सांगितली, तीही दोनदा. काम त्या दिवशी झाले नाही. त्याला आणखी तीन आठवडे आणि दोन अर्ज लागले. पण ते नाव मोठ्याने उच्चारले गेले, याचे मला जे समाधान झाले त्याचा त्या अर्जांशी काही संबंध नव्हता. फोन ठेवताच संदेश आला, की या सेवेला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल. तिच्यासाठी त्यात कोणताच आकडा मला दिसला नाही.

त्या मुलीला किती मिनिटांत संभाषण संपवायचे असते, वाक्ये कोण लिहून देते, थांबलेल्या दोन क्षणांचा हिशेब तिला कोणाला द्यावा लागतो, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. माझ्या वडिलांपुढे जाळी होती. तिच्यापुढे त्याहून दाट काही आहे. जाळीच्या आतूनही माणूस ऐकू शकतो हे वडिलांनी मला दाखवले होते. तिनेही ते दाखवले. म्हणून सेवेची यंत्रे वाईट आणि जुनी खिडकी चांगली, असा सरळ निष्कर्ष मी काढणार नाही. प्रश्न यंत्राचा नाहीच. मागणाऱ्याला आपले मागणे शब्दांत सांगायला जागा उरली आहे का, एवढाच तो आहे.

संगीताच्या बाबतीत ही जागा झपाट्याने कमी होत आहे, हे मात्र खरे. आता गाणे मागावे लागत नाही. आपण काल काय ऐकले, किती सेकंदांनी काय सोडून दिले, याचा हिशेब ठेवून उपकरण आपल्याला काय हवे असेल ते आधीच ठरवते आणि आपण काही म्हणायच्या आत ते वाजू लागते. २०१७ साली जुन्या रेडिओच्या आकाराचा, पाच हजार गाणी भरलेला ‘कारवां’ नावाचा पेटारा बाजारात आला. पुष्कळ घरांत मुलांनी तो आईवडिलांना भेट दिला आणि वृद्धांना त्यातून खरा आनंद मिळाला, हे मी पाहिले आहे. त्याची टिंगल करण्याचे मला काही कारण नाही. त्या पेटाऱ्याला रेडिओचे रूप द्यावेसे वाटले, यातच आपल्याला नक्की कशाची ओढ आहे ते कळते. पण त्या रेडिओतून कोणी आपले नाव घेत नाही. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले, तेव्हा आवाज गेला असे सारे म्हणाले. माझ्या मनात आले, कान गेला. इतकी पत्रे वाचणारा माणूस आधी श्रोता असतो.

वडिलांची ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. ती वाजवण्याचे साधन आता सहजी मिळत नाही. तिच्या दुसऱ्या बाजूला आठ गाणी संपल्यावर दोनेक मिनिटे उरत होती. दुकानदाराने ती कोरी ठेवली नाहीत. तेथे त्याने सतारीची एक लहानशी धून भरली होती. शब्द नसलेली, कोणत्या चित्रपटाची हेही आम्हाला कधी कळले नाही. ती यादीत नव्हती. वडील दुकानात जाऊन विचारू शकले असते, गेले नाहीत. रात्री गाणी संपली की ते दिवा घालवायला उठत आणि ती धून संपेपर्यंत बटणावर हात ठेवून उभे राहत. यंत्रही आता न मागितलेले पुष्कळ देते. पण ते आपण मागायच्या आधी देते. दुकानदाराने दिले ते सोळा गाण्यांची यादी मोठ्याने वाचल्यावर, रात्री की सकाळी हे विचारल्यावर. आधी त्याने ऐकले होते. त्या दोन मिनिटांना मराठीत शब्द शोधायचा तर तो आधीपासून आहे. आपण तो चहाला आणि जेवणाच्या बेताला वापरून थोडा स्वस्त केला, इतकेच.